ऐकू आल्याचा दाखला

४ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी देतो. आधी बढाई.

तुझ्या लॉन्ड्रीचं काम आपल्याला मिळालं. मिळालं काय, झालंसुद्धा. आज रविवारची तुमची सुट्टी, तेव्हा मी माझी दोन माणसं घेऊन आलो आणि भिंतींवर सहा घंटा नि छपरावर एक भोंगा बसवून गेलो. तुला मुद्दामच बोललो नव्हतो. उद्या सोमवारी कामावर गेलीस की थाळीएवढ्या लाल घंटा दिसतील, खाली बारीक अक्षरांत आपल्या दुकानाचं नाव, आणि तू डोळे मोठे करशील, एवढ्यासाठी आठ दिवस पोटात ठेवलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे.

भोंगा असा आहे की वारा इकडचा असेल तर मधे अख्खं गाव असूनही माझ्या दुकानात ऐकू येईल. पिशवीत सायकलच्या घंट्या घालून दारोदार फिरणारा तुझा भाऊ आज साऱ्या गावाचे कान किटवू शकतो. आई असती तर म्हणाली असती, आधीच काय कमी किटवत होतास.

चाचणीच्या वेळी तर मजाच झाली. मी आणि तुमचा मॅनेजर केबिनमध्ये चहा घेत होतो, दार बंद. बाहेर माझा माणूस एकेक घंटा वाजवत होता. मी कप खाली न ठेवता म्हटलं, "चौथीची वाटी सैल आहे, किंचित फाटकी वाजते." मॅनेजर उठून बघून आला. निघाली सैल. म्हणतो, "शेठ, तुमचे कान विम्याला टाका." बाजारात मला कानवाला म्हणतात ते उगीच नाही.

आता तू तिथे सुखरूप आहेस, मी निर्धास्त. उत्तर गाडीवाल्याबरोबरच पाठव. कपडे पोचवायला तो रोज माझ्या दारावरून जातो, पोस्टापेक्षा बरा. आणि हे घे आशीर्वाद.

तुझा दादा


७ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. घंटा पाहिल्या. रंग छान आहे. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, कारण आम्हाला त्यांचं तेवढंच करता येण्यासारखं आहे.

आमच्या हॉलमध्ये एकतीस माणसं काम करतात. त्यांतल्या एकोणीस बाया बहिऱ्या आहेत. मालकाने आम्हाला हौसेने घेतलं आहे. इस्त्रीच्या रोलरची घरघर ऐकून ऐकणारी माणसं सहा महिन्यांत डोकं धरून पळतात, आम्ही पळत नाही. हे मी तुला सांगितलेलं आहे. आणि मी बहिरी आहे हे तर तुला माझ्या जन्मापासून ठाऊक आहे. मग खिळे ठोकताना ते कुठे ठेवलं होतंस?

रागावून लिहीत नाही. भीती वाटते म्हणून लिहिते.

डिसेंबरात बॉयलरच्या खोलीत वाफेचा नळ फुटला, म्हणून तर या घंटांचं काम निघालं. त्या दिवसाचं मी तुला कळवलं नव्हतं. मी मागच्या टोकाला मांडणीवर चादरी लावत होते, हॉलकडे पाठ. तिथे दिवसभर पायाखालची फरशी थरथरत असते. पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं, त्याची सवय होते. फरशी थरथरत होती म्हणून मीही निवांत होते. चादरी संपल्या म्हणून वळले तर हॉल रिकामा.

एकही माणूस नाही. रोलर फिरतायत. एक चादर अर्धी आत गेलेली, उरलेली करपायला लागलेली. कुणाच्या तरी चपला, एका पायाची इकडे, दुसरी दाराशी. टेबलावर चहाचा कप, त्यातून अजून वाफ येतेय. दादा, मला वाटलं मी मेले. मेल्यावर असंच असेल, सगळं जागच्या जागी आणि माणसं तेवढी काढून घेतलेली.

मग रोलरच्या पलीकडून आणखी एक डोकं वर आलं. मग दोन. आम्ही चौघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो आणि बघता बघता सगळं समजलं. बाहेर गेलो तर मॅनेजर तोंड एवढं मोठं करून म्हणाला, "मी हाका मारल्या होत्या." ओठांवरून तेवढं वाचता आलं. आमच्या चौघींपैकी कुणी आत आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

आता हाका तू मारणार आहेस. सहा ठिकाणांहून.

ठमी


९ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र गल्ल्यावर उभ्यानेच दोनदा वाचलं.

मी काय सांगू. डोक्यात आलंच नाही. भोंगा म्हटला की आवाज, आवाज म्हटला की कान, आणि कान म्हटले की माझे. आंधळ्याच्या घरी आरसा विकणाऱ्याला लोक हसतात. मी तर बहिणीलाच विकला.

काल दुकानात दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले, वरून मेण लावलं, आणि कुणाला न सांगता कामाला बसलो. म्हटलं बघू तरी. अर्ध्या तासात माझा कारागीर मागून येऊन खांद्याला हात लावतो काय आणि मी हातातली कातर फेकतो काय. दार उघडलं की कोण आलं हे मला पावलावरून कळायचं, आता प्रत्येक वेळी मान वळवून बघत बसलो. मी अर्धा तास काढला. तू सेहेचाळीस वर्षं कशी काढलीस गं?

ते काही नाही. तू नोकरी सोड. वहिनीला विचारलं, ती म्हणते माडीवरची खोली रिकामीच आहे. आणि तुझं मन होत नसेल तर निदान एवढं करायला मॅनेजरला सांगतो, की प्रत्येक बहिऱ्या बाईला ऐकणारा एक सोबती नेमून द्यायचा. घंटा झाली की त्याने हाताला धरून बाहेर काढायचं.

लवकर कळव. मला जेवण जात नाही.

दादा


१३ फेब्रुवारी

दादा,

जेव. वहिनीला माझा नमस्कार सांग आणि माडीवर मिरच्या वाळत घालायच्या असतील तर खुशाल घालू दे. मी येत नाही.

तू अर्धा तास बहिरा नव्हतास. तू अर्धा तास कान बंद केलेला कानवाला होतास. त्यात फरक आहे. मी सेहेचाळीस वर्षं काही काढली-बिढली नाहीत. मी जगले. तू बोळे घालून एकटा बसलास म्हणून घाबरलास. आम्ही एकट्या बसत नाही. मी कुणाशी हातांनी बोलत चालले असेन तर माझ्या समोरचा खांब ती मला सांगते, तिच्या मागची गाडी मी तिला सांगते. लांबच्या बाईला बोलवायचं तर मधल्या तिघी निरोप हातोहात पुढे सरकवतात. जवळ असेल तर पाय आपटतो, दिवा उघडझाप करतो. पाठीमागून येऊन खांद्याला अचानक हात लावणारा आमच्यात गावंढळ समजला जातो, तुझ्या कारागिराला सांग.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तीस-चाळीस जण एकत्र जमतो. तिथे तू आलास तर बोळे न घालता बहिरा ठरशील. कोण कुणाला काय टोमणा मारतंय, कुणाचं लग्न मोडलं, काही कळणार नाही. कोपऱ्यात बसून मान हलवत हसशील. मी आपल्या घरच्या प्रत्येक लग्नात हसते तशी. आम्ही एकमेकांना नावंही आमची ठेवतो. तुझंही ठेवलं आहे. डोक्यावर मूठ धरायची आणि फटकन उघडायची. भोंगा. ते करताना सगळे गाल फुगवतात, कारण मी तुझ्या गालांचं वर्णन केलं.

सोबत्याचं म्हणशील तर डिसेंबरातही होते. आधी तेच पळाले. वाईट माणसं नाहीत ती. भ्यालेला माणूस आधी आपले पाय बघतो.

आम्हाला माणूस नको, दिवा हवा. लख्ख पांढरा, लुकलुकणारा, प्रत्येक भिंतीवर एक. तुझ्याकडे असतात ना तसे? विमानतळाच्या कामासाठी केले होतेस.

आणि दुसरं. मॅनेजरच्या दाराशेजारी एक कागद काचेत लावला आहे. काल घड्या घालता घालता वाचला. "धोक्याची सूचना प्रत्येक कामगारापर्यंत पोचते, याची प्रत्यक्ष चाचणी घेतली आहे." खाली सही. त्या सहीचं शेपूट मी शाळेच्या वसतिगृहात होते तेव्हापासून ओळखते, दर महिन्याला पत्राखाली यायचं. चाचणी झाली तेव्हा आम्ही एकोणीस जणी घरी होतो. तू हे मला लिहिलं नाहीस.

ठमी


१६ फेब्रुवारी

ठमे,

लिहिलं नाही, कारण तेव्हा लिहिण्यासारखं काही वाटलंच नाही.

सही माझी आहे. केबिनमध्ये चहा संपला, मॅनेजरने कागद पुढे सरकवला, मी न वाचता सही ठोकली असं म्हणालो तर ते खोटं होईल. मी वाचला. "प्रत्येक कामगारापर्यंत" हे शब्द वाचले. बंद दारातून मला सहाही ऐकू आल्या होत्या, फाटकी चौथीसुद्धा. मला ऐकू आलं म्हणजे सगळ्यांना ऐकू आलं. तुझी आठवण यायला हवी होती, नाही आली.

काल मालकाकडे गेलो. गोडीत बोललो. म्हटलं, साहेब, दिवेही बसवू या, माझ्याकडून चूक झाली. ते हसले. म्हणाले, "दिव्यांनी रोलरवरच्या बायका दचकतात, हात आत जायचा. आणि शेठ, तुम्ही तर लिहून दिलंय की सगळं ठीक आहे. ठीक नसेल तर तसं लिहून द्या. मग मी एकोणीस जणींना उद्यापासून घरी बसवतो, ऐकणाऱ्या आणतो. ते सोपं पडेल."

ठमे, मी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं वाकवली. तिथून मात्र मी हात जोडून बाहेर आलो. दाखला मागे घेतला तर तुमच्या पोटावर पाय. नाही घेतला तर तुमच्या जिवाशी खेळ. शिवाय माझा परवाना जाईल हेही डोक्यात आलं, ते लपवत नाही.

यातून एक वाट काढली आहे. आठ दिवे तयार करून खोक्यांत भरून ठेवले आहेत. मार्चच्या पहिल्या रविवारी घंटांची देखभाल म्हणून येतो आणि घंटांच्याच वायरीवर दिवे चढवून जातो. एकदा लागले की मालक थोडेच उतरवणार. तोवर पंधरा-सोळा दिवस काढ. चिडू नकोस, आणि मांडणीपाशी पाठ करून उभी राहू नकोस.

दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

थोडक्यात लिहिते, गाडीवाला थांबला आहे.

बॉयलरवाला काम सोडून गेला. जाताना बायांना हाताने सांगून गेला की नळाचा जोड पुन्हा रडतोय, मालक ऐकत नाही. बघ, कोण कोण ऐकत नाही. त्याच्या जागी नवीन माणूस अजून आलेला नाही, मॅनेजरच अधूनमधून काटा बघून जातो. सकाळपासून करपल्यासारखा वास येतोय.

तू मालकाकडे गेलास हे हॉलमध्ये पसरलं. निम्म्या जणी माझ्याशी बोलत नाहीत. एकीने तर मला पाठ दाखवली. आमच्यात त्याहून मोठी शिवी नाही. तिच्या घरी तिच्या एकटीची कमाई आहे. ती म्हणते, "भाजून मरायला वेळ लागतो, उपाशी लवकर मरतो." मला तिचं चूक वाटत नाही.

आमचं आम्ही एक केलं आहे. कपडे वाळत घालायची दोरी सगळ्या टेबलांच्या कडेने कमरेच्या उंचीवर फिरवली आणि तिचं टोक मुख्य दाराला बांधलं. एक जण पाळीपाळीने उलट्या टोपलीवर बॉयलरच्या दाराकडे तोंड करून बसते, तिथेच बसून रुमालांच्या घड्या घालते. काही दिसलं की तिने दोरीला तीन हिसके द्यायचे. दोरी धरून सगळ्यांनी बाहेर. लॉन्ड्रीत दोरी दिसली तर कुणाला संशय येणार? मॅनेजरने तीवर स्वतःचा टॉवेल वाळत घातला आहे.

दोरी मागच्या मांडणीपर्यंत पुरली नाही. उद्या आणखी आणते. सोमवारी एक नवीन बाई लागणार आहे, पन्नाशीची, शिवणकाम करायची, तीही बहिरी. तिला कुठे उभं करतात कोण जाणे.

त्या रविवारची वाट बघू नको, दादा. जमलं तर आधी ये.

ठमी


२ मार्च
रुग्णालय, तिसरा मजला, बाहेरचं बाकडं

ठमे,

तू आत आहेस, मी बाहेर. मधे एक दार. तरी पत्र लिहितोय, कारण आत येऊन तुझ्यासमोर उभा राहिलो तर मला तुझ्याशी काही बोलता येत नाही. काल दिवसभर उभा होतो. तुझ्या दोन्ही हातांना मनगटाच्या वरपर्यंत पट्ट्या. मी ओठ हलवले, तू डोळे मिटलेस. पट्टीतल्या हातांनी हा कागद तुला धरता येणार नाही, तेव्हा नर्स समोर धरेल. तोंडावरचा मास्क काढून बोला, ती ओठ वाचते, असं मी तिला तीनदा सांगितलं. ती हो म्हणते आणि मास्कमधूनच मोठ्याने ओरडते.

रविवारच्या आधी ये म्हणालीस. मी आलो नाही. मी विचार केला, देखभालीचा दिवस ठरला आहे, आधी गेलो तर संशय येईल. मंगळवारी सकाळी अकराला दुकानात होतो आणि भोंगा झाला. माझा भोंगा मला कळणार नाही? वारा इकडचाच होता. दिव्यांची आठही खोकी माझ्या पायाशी होती. दोऱ्या बांधून, पत्ता लिहून.

कसा पोचलो ते सांगत नाही. आवारात बारा ऐकणारी माणसं उभी होती, सगळी धडधाकट. मॅनेजर मला म्हणाला, "शेठ, तुमचं काम एक नंबर, पहिल्या ठोक्याला बाहेर पडलो." आत चौथी घंटा फाटकी वाजत होती. दारातून नुसती वाफ आणि काळा धूर.

मी दारात उभा राहून तुला हाका मारायला लागलो. नाव घेऊन. घसा फाटेस्तोवर. किती वेळ ते माहीत नाही. मग गाडीवाल्याने माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "शेठ, कुणाला हाक मारताय?"

तेवढ्यात दाराच्या कडीला बांधलेली दोरी ताणली गेली. धुरातून एक हात आला, मग बाई, तिच्यामागे दुसरी. एकही ओरडत नव्हती. एका ओळीत, दोरी धरून. तुला पाठ दाखवणारी कोणती ते मला माहीत नाही, पण त्यांतली एक बाहेर आल्याबरोबर पुन्हा आत शिरायला निघाली, तिला दोघींनी धरलं. आम्ही मोजल्या. अठरा. गाडीवाल्याने परत मोजल्या. अठराच. त्या हातांनी मला काहीतरी सांगत होत्या, सगळ्या एकदम, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. तू नव्या बाईला आणायला मागच्या मांडणीकडे गेलीस हे त्या सांगत होत्या, हे मला नंतर कळलं. कळलं असतं तर मी मांडणीपाशी मागचं दार आहे तिकडे गेलो असतो. ते बाहेरून उघडतं. तुला ते आतून तापलेल्या लोखंडी दांड्याला हात घालून उघडावं लागलं नसतं.

डॉक्टर म्हणतात जीव वाचला, बोटांचं पट्ट्या सुटल्यावर कळेल. मग म्हणाले, "तोपर्यंत त्यांच्याशी बोलत राहा, धीर येतो." तिचे हात भाजले म्हणजे तिची जीभ भाजली आहे, हे मला त्यांना सांगायचं होतं.

तपासणी अधिकाऱ्याला काल पत्र दिलं. दाखला खोटा होता, चाचणीच्या वेळी एकही बहिरी कामगार हजर नव्हती, आणि ते ठाऊक असून मी सही केली, असं लिहिलं. परवाना जाईल. जाऊ दे. मालकानेही आपलं लिहून दिलं आहे म्हणतात, की बहिऱ्यांना कामावर ठेवणं धोक्याचं असतं, यापुढे ठेवणार नाही. म्हणजे माझ्या भीतीने झालं ते झालंच, आणि ज्याची तुम्हाला भीती होती तेही होतंय.

मी इथेच बसलो आहे. बाकडं सोडत नाही.

दादा


९ मार्च

दादा,

अक्षर माझं नाही. मी सांगते आणि नवी बाई लिहिते. (नमस्कार. मीच ती मांडणीपाशी राहिलेली. सुवाच्य लिहायचा प्रयत्न करते.)

काल उजव्या हाताची पट्टी सुटली. अंगठा आणि दोन बोटं हलतात. उरलेली दोन बोटं आणि डावा हात यांचं डॉक्टर अजून सांगत नाहीत. मला रात्रंदिवस त्याचीच भीती वाटते, तुला खोटं कशाला सांगू. सध्या माझे हात बोबडे बोलतात. काल सगळ्या भेटायला आल्या होत्या. मी पाणी मागितलं तर त्यांना वाटलं मी म्हैस मागतेय. इतक्या हसल्या की नर्स धावत आली. (म्हैसच मागितली होती.) पाठ दाखवणारीही आली होती. ती हसली नाही. तिने माझ्या कोपरापासचा मोकळा भाग धरला आणि निघेपर्यंत सोडला नाही.

तू मोजलंस, हाका मारल्यास, पत्र दिलंस, सगळं वाचलं. माफ केलं का, ते विचारू नको. मला अजून माहीत नाही. बाकड्यावरून उठ मात्र. तुझ्या तिथे बसण्याने कुणाचं काही होत नाही.

येत्या शुक्रवारी अधिकारी सगळ्यांचं म्हणणं ऐकणार आहेत. मालक वकील आणणार आहे. आम्ही वीस जणी जाणार आहोत. आमचं म्हणणं साधं आहे: बहिरेपण धोक्याचं नाही, घंटा धोक्याची होती. दिवे लावा आणि आम्हाला कामावर घ्या. पण हे आम्ही हातांनी सांगणार, आणि तिथे ते तोंडाने सांगणारं कुणी नाही. मागे एका कामात दुभाषे म्हणून एक साहेब दिले होते. आम्ही दहा मिनिटं बोललो आणि त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं, "त्या नाराज आहेत." आम्हाला परत तसा माणूस नको. सगळ्या घाबरल्या आहेत. रोज एक तरी विचारते, गेलोच नाही तर.

पलीकडच्या शहरातल्या शाळेतल्या एक बाई शुक्रवारी यायला तयार आहेत. त्यांची आई बहिरी होती, त्यांना आमची हातांची भाषा चांगली येते. तू त्यांच्या शेजारी बसायचं आहेस. बोलायला नाही. त्या काही गाळतायत का, कमी सांगतायत का, हे बघायला. त्यासाठी निदान थोडं तरी कळायला हवं. आजपासून सात दिवस आहेत. रोज चार वाजता खालच्या व्हरांड्यात ये, अठराही जणी असतात. सात दिवसांत तुला काही येणार नाही हे त्यांना माहीत आहे. तरी शिकवायला तयार आहेत.

पहिला शब्द इथेच सांगते, म्हणजे उद्या अगदीच कोरा येणार नाहीस. दोन्ही हात छातीसमोर, तळवे आपल्याकडे. मग दोन्ही एकदम जोरात बाहेर उडवायचे, आणि डोळे समोरच्याच्या डोळ्यांत ठेवायचे. आमच्या हॉलमध्ये याचा अर्थ "बाहेर पळा". मला सध्या एकाच हाताने करता येतो. तुला दोन आहेत. दाराआड धुरात तो कुणाला दिसला नसता हे खरं आहे. पण दारात उभं राहून तो करणारा माणूस तिथे आहे, एवढं तरी बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला कळलं असतं.

ठमी

(त्यांनी आत्ताच तो करून दाखवला. बोबडा आहे, पण समजतो.)